घरात किती दिवस पुरेल?

२४ मार्च २०२० ची रात्र. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली, तेव्हा ती लागू व्हायला चार तास उरले होते. त्या भाषणात त्यांनी ‘जान है तो जहान है’ या म्हणीची आठवण करून दिली. ११ एप्रिलला मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत त्यांनीच ती बदलून घेतली : ‘जान भी, जहान भी’. मधल्या अठरा दिवसांत करोनाचा विषाणू होता तसाच होता. रस्त्यावरचे चित्र मात्र पालटले होते. मुंबई, सुरत, दिल्लीहून माणसे डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरे घेऊन शेकडो किलोमीटर दूरच्या गावांकडे चालत निघाली होती.

आधी जीव की आधी रोजी, हा प्रश्न त्या वर्षी जगभर विचारला गेला. वाहिन्यांवर, मंत्रिमंडळांच्या बैठकांत, घराघरांत, आणि जनमत चाचण्यांतही. लोकांनी काय उत्तर दिले हे पाहण्यासारखे आहे. ते कुठे उभे राहून दिले हे त्याहून अधिक पाहण्यासारखे आहे. साथीच्या काळात या प्रश्नावर मिळणारे उत्तर बहुतेक वेळा माणसाची मूल्ये सांगत नाही, असे माझे मत आहे. घरातला पैसा आणि धान्य किती दिवस पुरणार, आणि ‘घरात बसा’ म्हणणाऱ्यावर विश्वास किती, या दोनच गोष्टी त्या उत्तरात असतात.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तिथे २३ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी युगव्ह या संस्थेने लोकांना विचारले. ९३ टक्के लोकांनी पाठिंबा दिला. इतके एकमत लोकशाहीत क्वचितच दिसते. पण या आकड्याच्या चार दिवस आधी काय घडले होते ते लक्षात घ्यायला हवे. २० मार्चला अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी जाहीर केले होते की काम थांबलेल्या नोकरदारांचा ८० टक्के पगार, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, सरकार देईल. डेन्मार्कने तशीच ७५ टक्क्यांची योजना त्याआधीच आणली होती. घरी बसण्याचा हुकूम यायच्या आत घरी बसण्याचे पैसे जाहीर झाले होते. त्या ९३ टक्क्यांच्या मागे रोगाची भीती होती, एकमेकांविषयीची काळजी होती, आणि पहिल्या तारखेला खात्यात काही तरी जमा होईल हा दिलासाही होता.

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने एप्रिल २०२० मध्ये विचारले : राज्ये निर्बंध फार लवकर उठवतील याची चिंता अधिक वाटते, की पुरेसे लवकर उठवणार नाहीत याची? सुमारे दोन तृतीयांश लोकांना पहिली चिंता वाटत होती. पण उत्तरांची पक्षवार फोड केली तेव्हा डेमोक्रॅटिक मतदारांत हे प्रमाण पाचांत चार होते, तर रिपब्लिकन मतदार जवळजवळ निम्मेनिम्मे विभागले होते. विषाणू दोघांसाठी एकच होता, विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवायचा ते वेगळे होते.

आता आपल्याकडे येऊ. ‘गाव कनेक्शन’ या ग्रामीण माध्यमसंस्थेने आणि लोकनीती-सीएसडीएसने ३० मे ते १६ जुलै २०२० या काळात २० राज्यांतल्या पंचवीस हजारांहून अधिक ग्रामीण लोकांशी बोलून सर्वेक्षण केले. ७१ टक्के घरांचे उत्पन्न घटले होते. बहुतेकांचे काम पूर्ण किंवा जवळजवळ ठप्प झाले होते. कोणी उधार-उसनवार केली होती, कोणी दागिने विकले होते. तरीही केंद्र सरकारने साथीत केलेल्या कामावर ७४ टक्के लोकांनी कमी-अधिक समाधान व्यक्त केले. आणि याच सर्वेक्षणात सुमारे ४० टक्क्यांनी टाळेबंदी फार कठोर होती असे सांगितले. जवळपास तितक्याच लोकांना ती योग्य तेवढी वाटली. दहातल्या एखाद्याला ती आणखी कडक हवी होती. टाळेबंदी नकोच होती असे म्हणणारे अगदी थोडे निघाले.

समाधानीही आहेत आणि कठोर होती असेही म्हणतात, हे वरवर पाहता जुळत नाही. मला ते नीट जुळलेले दिसते. गावातल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात काय आहे आणि काय नाही हे पक्के माहीत असते. जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत पेशंट टिकेल का, याचा हिशेब त्याने घरातल्या कुणासाठी तरी कधी ना कधी केलेला असतो. त्यामुळे रोगाला घाबरून काही तरी करायला हवे होते, हे त्याला पटलेले असते. ज्या रीतीने केले ते मात्र सोसवले नाही, हेही त्याला सांगायचे असते. हेतू, रीत आणि स्वतःवर ओढवलेले हाल यांचे तीन वेगळे निवाडे तो करतो. ‘टाळेबंदीला पाठिंबा आहे का’ या एका प्रश्नात ते तिन्ही एकमेकांत मिसळून जातात, आणि मग वाहिन्यांना हवा तो मथळा काढता येतो. शिवाय सरकारविषयी समाधानी आहात का, असे विचारले की उत्तर पुष्कळदा नेत्यावरच्या विश्वासाचे येते, धोरणाचे येत नाही. हा विश्वास खोटा होता असे मला म्हणायचे नाही. त्याला धोरणाची पसंती समजू नये, एवढेच.

चाचणीत कोण सापडते, हाही मुद्दा आहे. त्या वर्षातल्या बहुतेक चाचण्या फोनवर किंवा इंटरनेटवर झाल्या. ज्याचा फोन चार्ज आहे, रिचार्ज संपलेला नाही आणि अनोळखी माणसाशी दहा मिनिटे बोलण्याइतकी उसंत आहे, त्याचेच मत नोंदले गेले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे ते मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी निघाले होते. जीव महत्त्वाचा की रोजी, हे त्यांना कोणत्याही चाचणीने विचारलेले नव्हते. रोजी गेली म्हणून ते निघाले होते आणि वाटेत जीव गेला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असतात, हे इतक्या क्रूरपणे क्वचितच दिसले असेल.

त्या दिवसांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी पाहणी मताची नव्हतीच. स्ट्रँडेड वर्कर्स अॅक्शन नेटवर्क, म्हणजे ‘स्वान’ या गटातले स्वयंसेवक अडकलेल्या मजुरांचे मदतीचे फोन घेत होते आणि फोन घेता घेता काही साधे प्रश्न विचारून नोंदी करत होते. शिधा किती दिवसांचा उरला आहे? सरकारकडून धान्य मिळाले का? मालकाने टाळेबंदीतले पैसे दिले का? पहिल्या तीन आठवड्यांत अकरा हजारांहून अधिक मजुरांची माहिती जमली. त्यांतले बरेच महाराष्ट्रात अडकलेले होते. ९६ टक्क्यांना सरकारी शिधा मिळालेला नव्हता. दहातल्या जवळजवळ नऊ जणांना मालकाकडून काहीही मिळाले नव्हते. निम्म्या लोकांकडे एका दिवसाचाही शिधा उरला नव्हता. हे सगळे अडचणीत सापडून फोन करणारे लोक होते, त्यामुळे हे आकडे सबंध देशाला लावता येणार नाहीत. पण प्रश्न अचूक होता. घरात किती दिवस पुरेल, याचे उत्तर कळले की त्या घराचे टाळेबंदीविषयीचे मत काय असेल हे निराळे विचारावे लागत नाही.

महाराष्ट्रात तर एका मोठ्या समूहाला हा प्रश्न लागू करण्याचीही गरज वाटली नाही. साखर जीवनावश्यक म्हणून कारखाने चालू राहिले, आणि बीड, अहमदनगर, जालन्याकडून आलेल्या ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या फडांत अडकून पडल्या. एक लाखाहून अधिक माणसे, बरोबर बैल, बायाबापड्या, लेकरे. गाळप संपले तरी जिल्ह्याची हद्द ओलांडता येईना. पाचटाच्या कोप्यांत अंतर कसले पाळायचे? त्यांना गावी जाऊ द्यायचा निर्णय एप्रिलच्या मध्यावर झाला. ‘अर्थव्यवस्था चालू ठेवावी का’ या चर्चेत ज्यांच्या हातांनी ती चालू होती तेच नव्हते, हे मला आजही खुपते.

आणि ‘घरी राहा’ या सल्ल्याने जीव किती वाचतो हेही घर कसले आहे यावर ठरते. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मिळून शहराच्या तीन विभागांत रक्त तपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, इतर वस्तीत १६ टक्क्यांच्या. दहा बाय दहाची खोली आणि पन्नास घरांना मिळून एक शौचालय असेल तर दाराला कडी लावून कोणापासून वाचणार? एकाच शहरातल्या दोन वस्त्यांना एकच हुकूम मिळाला. एकीला त्यातून आरोग्य मिळाले, दुसरीला रोजगार गमावूनही ते पुरते मिळाले नाही. अशा दोन वस्त्यांची मते वेगळी आली तर त्याला जागरूकतेचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

इथे एक समजूत तपासायला हवी. निर्बंध लावले की व्यवहार बुडतात आणि उठवले की सुरू होतात, ही ती समजूत. ‘आरोग्य विरुद्ध अर्थव्यवस्था’ हा सगळा वाद याच खुंटीवर टांगलेला होता. शिकागो विद्यापीठाचे ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन यांनी अमेरिकेतल्या साडेबावीस लाख दुकाने-व्यवसायांतली ये-जा मोबाइलच्या नोंदींवरून मोजली. हद्दीच्या अलीकडे निर्बंध आणि पलीकडे नाहीत, अशा शेजारच्या भागांची त्यांनी तुलना केली. एकूण वर्दळ ६० टक्क्यांनी घटली होती. त्या साठातले सरकारी हुकुमामुळे घटलेले होते फक्त सात. बाकीचे लोक स्वतःच यायचे थांबले होते, आणि अनेक ठिकाणी हुकूम निघायच्या आधीपासून.

डेन्मार्कने कडक निर्बंध लावले, शेजारच्या स्वीडनने फार थोडे. कोपनहेगन विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी बँकेच्या व्यवहारांवरून दोन्हीकडचा खर्च मोजला, तेव्हा डेन्मार्कमध्ये तो २९ टक्क्यांनी घटलेला दिसला आणि स्वीडनमध्ये २५ टक्क्यांनी. म्हणजे दुकाने उघडी ठेवून स्वीडनने चार टक्के वाचवले. यातला वयाचा तपशील फार बोलका आहे. निर्बंध असलेल्या डेन्मार्कमध्ये तरुणांचा खर्च अधिक घटला. सत्तरीपुढच्या लोकांचा खर्च मात्र मोकळ्या स्वीडनमध्येच जास्त घटला. बाहेर रोग पसरतो आहे हे दिसत असताना म्हाताऱ्या माणसांनी तिथे स्वतःला घरात कोंडून घेतले. बाजार उघडा असणे आणि बाजारात जावेसे वाटणे यांत फरक आहे, आणि गिऱ्हाइकाच्या मनातली भीती कुठल्याही अध्यादेशाने उठवता येत नाही.

हे श्रीमंत देशांचे झाले. तिथे घरी बसणे परवडणारे पुष्कळ होते. भारतात हुकुमाचा वाटा निश्चितच मोठा होता. सीएमआयई या संस्थेच्या पाहणीनुसार एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी २३.५ टक्क्यांवर गेली आणि सुमारे १२ कोटी २० लाख लोकांचे काम सुटले. त्यांतले तीन चतुर्थांश छोटे विक्रेते आणि रोजंदारीवरचे मजूर होते. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज आला. त्या तिमाहीत वाढली ती फक्त शेती.

पण हुकुमाविनाही माणसे काम टाकून जातात, आणि परत येताना अटी घालतात, हे मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगमध्ये पाहिले आहे. तो प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण प्लेग म्हटले की आपल्याला रँड आणि चापेकर आठवतात, गिरण्यांमधली कहाणी सहसा आठवत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. सरकार आणि बडे व्यापारी यांना मोठी धास्ती होती ती परदेशी बंदरांची. मुंबईहून निघालेला माल युरोपने अडवला तर कापसापासून कातड्यापर्यंत सगळा व्यापार कोलमडला असता. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली तीही याच प्रश्नासाठी, आणि त्याच महिन्याच्या ४ तारखेला साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. घरांची झडती, रोग्यांना उचलून नेणे, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी या सगळ्या आरोग्याच्या उपायांमागे व्यापार वाचवण्याची घाई होती. जीव आणि रोजी यांची फारकत तेव्हाही करता येत नव्हती. फक्त कोणाची रोजी मोजायची हे वरच्या लोकांनी ठरवले होते.

गिरणी कामगारांनी आपले उत्तर पायांनी दिले. गिरण्या बंद करा असा हुकूम नव्हता. तरी कोकणात जाणाऱ्या बोटी आणि घाटावर जाणाऱ्या गाड्या भरभरून जाऊ लागल्या. १८९१ च्या जनगणनेत आठ लाख वीस हजारांच्या आसपास असलेल्या या शहराची फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास निम्मी वस्ती निघून गेली होती. जे राहिले त्यांच्या हाती एकाएकी सौद्याची ताकद आली. गिरण्यांत पगार महिन्याने होई आणि काही आठवड्यांचा पगार मालकाकडे अडकून राही. कामगार सोडून जाऊ नये म्हणून ती पद्धत होती. आता कामगार रोजची मजुरी रोज मागू लागले. उद्या घरात गाठ आली, कुणाला इस्पितळात नेले, रातोरात गावी पळावे लागले, तर अडकलेला पगार बुडणार होता. मालकांना रोज रोख द्यावे लागले, वर चढी मजुरीही द्यावी लागली. रस्त्याच्या नाक्यांवर एका गिरणीची माणसे दुसऱ्या गिरणीच्या कामगारांना जास्त दराने बोलावू लागली, आणि मालकांच्या संघटनेला आपल्याच सभासदांमधली ही चढाओढ आवरण्याचा प्रयत्न करावा लागला.

त्या काळी जनमत चाचण्या नव्हत्या. पण नाक्यावरच्या त्या बोलीत जनमत रोज नोंदले जात होते. कामगार काम करायला तयार होता. धोका पत्करायलाही तयार होता. त्या धोक्याचे मोल त्याला हवे होते, आणि ते संध्याकाळी हातात हवे होते.

आरोग्याच्या उपायांविषयीचे मतही तितकेच स्पष्ट होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, असा समज पसरलेला होता. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आले तेव्हा दंगल उसळली, गोळीबार झाला, आणि पाठोपाठ गोदी कामगार व गाडीवानांनी काम थांबवले. बंदरावरचा माल जागच्या जागी अडला. ज्या व्यापारासाठी सक्ती चालली होती तोच व्यापार त्या सक्तीने थांबवला. त्यानंतर सरकारने सक्ती सैल केली आणि वस्तीतल्या पुढाऱ्यांच्या मदतीने काम करण्याकडे मोर्चा वळवला.

या लोकांना आरोग्य नको होते असे म्हणता येईल का? पुण्यात ‘केसरी’ सोजिरांच्या झडत्यांवर तुटून पडत होता, आणि त्याच वेळी टिळक रोग्यांना वेगळे ठेवण्याच्या बाजूचे होते; हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंतराव फुल्यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. तिथेच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या दवाखान्यात लोक आपल्या पायांनी येत होते. विलगीकरण दोन्हीकडे होते. एकीकडे बूट घालून स्वयंपाकघरात शिरणारा शिपाई होता, दुसरीकडे आपल्या हातांनी रोग्याला उचलून आणणारी म्हातारी बाई होती. लोकांच्या मतातला फरक एवढ्यावर ठरतो हे १८९७ साली स्पष्ट झाले होते.

२०२० मध्ये आपण यातले थोडे आठवले, उशिरा. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत सुमारे ८० कोटी लोकांना माणशी महिना पाच किलो धान्य मोफत जाहीर झाले. जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने पाचशे रुपये मिळाले. महाराष्ट्रात शिवभोजन थाळीची किंमत दहा रुपयांवरून पाच रुपये झाली. धारावीत महापालिकेने चाचण्या आणि विलगीकरणाबरोबर जेवणाची पाकिटे आणि शिधाही पोहोचवला, आणि जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. दाराशी तपासायला येणारा जेवणही घेऊन आला तर दार लवकर उघडते, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना वेगळे शिकवावे लागले नसेल. रोजगार हमीवर त्या वर्षी विक्रमी माणसे आली. पण रेशनकार्ड गावच्या पत्त्याचे आणि माणूस भिवंडीत, तर ते पाच किलो त्याच्या ताटात पडत नव्हते. स्वानच्या ९६ टक्क्यांत असे असंख्य जण असणार.

पैसा हातात पडला की मत कसे हलते, याचा ब्राझीलइतका ठळक नमुना दुसरा नाही. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो साथीला क्षुल्लक म्हणत होते, निर्बंधांना विरोध करत होते. तिथल्या संसदेने मात्र रोजंदारीवरच्या लोकांना महिना ६०० रेआल देण्याचा कायदा केला. सरकारचा पहिला प्रस्ताव २०० चा होता. साडेसहा कोटींहून अधिक लोकांपर्यंत ती रक्कम पोहोचली. ऑगस्ट २०२० मध्ये मृतांचा आकडा एक लाखावर गेला, आणि त्याच महिन्यात बोल्सोनारोंची लोकप्रियता वाढलेली दिसली. हे समजायला अवघड नाही, पण अस्वस्थ करणारे आहे. उपाशी माणसाच्या पोटात पडलेला घास त्याचे मत घडवतो, आणि तो घास कोणत्या हाताने आला याचा तपास करण्याइतकी फुरसत त्याला नसते. लोकांनी पाठिंबा दिला म्हणजे साथीचे धोरण बरोबर होते, हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

भारतात २९ जानेवारी २०२१ रोजी संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणीत जीव आणि उपजीविका यांवर एक सबंध प्रकरण होते. सुरुवातीची कडक टाळेबंदी दोन्ही वाचवणारी ठरली, थोड्या काळाचे दुःख सोसून दीर्घकाळाचा लाभ मिळाला, असा त्याचा सूर होता. तीन महिन्यांच्या आत दुसरी लाट आली. १८ एप्रिल २०२१ रोजी एकट्या महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुणे, नागपूर, मुंबईत व्यापारी ‘ब्रेक द चेन’च्या निर्बंधांविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. त्यांना बेजबाबदार म्हणणे तेव्हा फार सोपे होते. पण आदल्या वर्षीचे दुकानभाडे थकलेले, कामगार गावी गेलेले, कर्जाचे हप्ते पुढे ढकलले तरी व्याज चालूच राहिलेले, अशा माणसाला पुन्हा शटर ओढायला सांगितले जात होते. दोन आठवड्यांनी ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या तेव्हा त्यांच्यातलेच कित्येक सिलिंडर मिळवून देण्यासाठी धावत होते. मत पालटले असे त्याला म्हणू नये. त्यांना दोन्ही हवे होते, पहिल्यापासून. पुढ्यात मात्र एका वेळी एकच संकट होते.

या वेळी सरकारने निर्बंधांच्या सोबतच मदत जाहीर केली. १३ एप्रिलच्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटींचे साहाय्य जाहीर केले : अन्नसुरक्षेतल्या सात कोटी लोकांना महिनाभराचे धान्य, शिवभोजन मोफत, नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, बांधकाम कामगार यांना दीड हजार रुपये. क्रम बरोबर होता. रक्कम तुटपुंजी होती, आणि ‘नोंदणीकृत’ या अटीने घात केला. पिढ्यानपिढ्या फुटपाथवर भाजी विकणाऱ्या कितीतरी बायकांकडे नोंदणीचा कागद नव्हता. दंड करायच्या वेळी पालिकेला त्या सापडत, मदतीच्या यादीत सापडल्या नाहीत.

जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी आणि कुठल्याही राज्यात चालणारे रेशनकार्ड यांविषयी मुदती घालून आदेश दिले. ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाले आणि त्यावर कोट्यवधी नावे आली. हे मोठे काम आहे. पुढच्या साथीत कोणाला द्यायचे हे निदान कळेल. किती द्यायचे, हुकूम निघाल्यापासून किती दिवसांत द्यायचे, आणि न दिल्यास कोण जबाबदार, हे मात्र साथीच्या कायद्यात असायला हवे. १८९७ चा कायदा सरकारला माणसाला घरात थांबवण्याचा अधिकार देतो. त्या माणसाला घरात जेवण्याचा अधिकार देत नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी. ती हवीच होती. दुसरी दुरुस्ती राहिली.

महाराष्ट्राला असे काही करणे अपरिचित नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि काम मागणाऱ्याला ते देणे सरकारवर बंधनकारक झाले. दुष्काळात काम मिळण्याची हमी लागते. साथीत काम न करता तगण्याची हमी लागते, शहरातही. तिच्यासाठी पैसा कुठून येणार, याचेही उत्तर पागेंच्या पिढीने देऊन ठेवले आहे. हमीच्या मजुरांसाठी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही इथल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात महिन्याला साधारण २०० रुपयांची ती कपात असते. घरून काम करता आले त्यांनी, ज्यांना ते करता आले नाही त्यांच्यासाठी त्यात आणखी थोडी भर घालावी, एवढाच हिशेब उरतो, आणि तो पुढची साथ येण्याआधी विधिमंडळात मांडता येण्यासारखा आहे.